जास्त पीळ

बंदुकीची गोळी कागदातून गेली की गोल भोक पडतं. हे कळायला शाळेत जावं लागत नाही. सुई टोचली तर सुईएवढं, पेन्सिल टोचली तर पेन्सिलीएवढं, गोळी गेली तर गोळीएवढं आणि गोल. आमच्या रेंजवर मात्र महिनाभर कागदांना लांबट भोकं पडत होती, खजुराच्या बीसारखी, आणि चार शिकलेली माणसं ती बघून एका मुलीला घाबरट ठरवत होती.

मी या रेंजवर बंदुका दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. सगळे मला मिस्त्री म्हणतात. बायको म्हणते, तुमच्या नाकावर कायम राग. माझं म्हणणं असं की लोकांनी आपापलं काम नाकासमोर बघून केलं, तर माझ्या नाकावर राग बसायला येणारच नाही.

त्या सोमवारी मी पाच आठवड्यांनी कामावर आलो होतो. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. नव्या भिंगातून सगळं लख्ख दिसत होतं, माझ्या मागे वर्कशॉपात कोणी झाडू मारला नाही हेसुद्धा. तेल सांडू नये म्हणून टेबलावर मी जुनी टार्गेटं अंथरतो. ढिगातली वरची दोन ओढली आणि हात तिथेच थांबला. दहा गोळ्यांच्या कागदावर भोकं चार. त्यातलं एक गोल, उरलेली तीन लांबट. एकात तर गोळीचं टोक एकीकडे आणि बूड दुसरीकडे असा अख्खा आकार उमटला होता. गोळी कागदावर आडवी येऊन लागली होती. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, रायफल नंबर चार.

चार नंबर माझी भाची चालवते.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण परगावी नर्स आहे, म्हणून पोरगी सहा वर्षं आमच्याकडेच वाढतेय. अंगाने एवढीशी, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. आता एकोणीस वर्षांची झाली. तीनशे मीटरच्या स्पर्धेसाठी क्लब चार जणांचा संघ पाठवणार होता. तीन जागा ठरल्या होत्या. चौथी मुंगीला मिळणार की एका दंतवैद्य बाईंना, एवढंच उरलं होतं, आणि मी ऑपरेशनला गेलो तेव्हा मुंगी चांगली चार गुणांनी पुढे होती. पट्टी बांधून घरी पडलो होतो तेव्हा रोज संध्याकाळी तिला विचारायचो, "कसं चाललंय गं?" ती म्हणायची, "बरं." मी पुढे कधी विचारलं नाही.

सरांच्या खोलीत, म्हणजे प्रशिक्षकांच्या, प्रत्येक नेमबाजाचं पान असलेली नोंदवही फळीवर ठेवलेली असते. कोणीही काढून बघावी. मी मुंगीचं पान काढलं. लाल शाईत शेरा होता: "दडपणाखाली घाबरते. चाप ओढताना डोळे मिटते. संघासाठी योग्य नाही."

वही मिटली आणि चार नंबरची रायफल कपाटातून काढली.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. नळीच्या आतून खाचा असतात, त्या सरळ नसतात, पिळलेल्या असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. ज्याने लहानपणी भोवरा फिरवला त्याला हे वेगळं सांगायला नको. फिरतो तोवर उभा, फिरणं कमी पडलं की डुलतो, मग आडवा. गोळी जितकी लांब तितकं तिला जास्त फिरावं लागतं. लोक वजन वजन करतात, पण नळीचं भोक तेवढंच असल्यावर जड गोळी जाडी कुठे वाढवणार? ती लांबीलाच वाढते. आमच्या कामात याला पीळ म्हणतात. आठ इंचांत एक पुरा फेरा झाला तर आठाचा पीळ, बारा इंचांत झाला तर बाराचा. आणि घोडं इथेच पेंड खातं. आठाचा पीळ हा बाराच्या पिळापेक्षा जास्त! आकडा लहान, पीळ मोठा. कमी अंतरात फेरा पुरा झाला ना, मग तो जास्तच.

पंचावन्न ग्रेन वजनाची आखूड गोळी बाराच्या पिळातून सुखाने जाते. पण तीनशे मीटरवर तिला वारा ढकलतो, म्हणून क्लबने स्पर्धेसाठी सत्त्याहत्तर ग्रेनची गोळी आणली होती. तिला आठाचा पीळ हवा. चार नंबरची जुनी नळी आठाचीच होती, पण झिजली होती. ती बदला, असं मीच सांगून दवाखान्यात गेलो होतो. माझ्या मागे नवी नळी मागवली आणि बाहेरच्या कारागिराकडून बसवून घेतली.

नळी साफ करायच्या गजाला मी घट्ट चिंधी गुंडाळली आणि गज नळीत घातला. त्याची मूठ मोकळी फिरते, त्यामुळे पीळ नेईल तसा गज वळतो. गजावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली आणि सावकाश आत ढकलला, खूण एक फेरी मारून पुन्हा वर येईपर्यंत. किती आत गेला ते पट्टीने मोजलं. बारा इंच. पुन्हा मोजलं, पुन्हा बारा. तिसऱ्यांदा मोजलं ते निव्वळ संतापाने, तरी बाराच.

तळपायाची आग मस्तकात गेली. गज, पट्टी आणि ती दोन टार्गेटं घेऊन मी ऑफिसात घुसलो. सचिव आणि सर चहा पीत बसले होते. सचिव म्हणजे जन्मभर कुठल्याशा कचेरीत फायली लावून निवृत्त झालेला माणूस. भला आहे. भल्या माणसांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

"या, या मिस्त्री," सर म्हणाले. "डोळा कसा आहे? फार ताण देऊ नका हं."

"डोळ्याला काही झालेलं नाही, सर. डोक्याला झालंय." मी टार्गेटं त्यांच्या कपाशेजारी ठेवली. "ही भोकं कशाने पडली?"

त्यांनी बघितल्यासारखं केलं. "वारा होता. कागद फाटतो."

"वारा काय पट्टी घेऊन येतो? दरवेळी बरोबर गोळीच्या लांबीएवढाच फाडतो?"

सरांनी कप खाली ठेवला. आवाज मुद्दाम मऊ केला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "मिस्त्री, ती तुमची भाची आहे. तुम्हाला वाईट वाटणार, मला समजतं. पण मी रोज तिच्या मागे उभा राहिलोय. दहातल्या सहा गोळ्या कागदाबाहेर. विचारलं की म्हणते, नेम बरोबर होता. नाचता येईना अंगण वाकडं, हे किती दिवस ऐकायचं?"

एकतीस वर्षांत मी या क्लबात कोणासाठी शब्द टाकला नाही. मुंगी पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला तीन महिने नुसती रिकामी रायफल धरायला लावली, कोणी म्हणू नये की मामाने पुढे सरकवली. आणि आता मी खरं बोलत होतो ते खोटं ठरत होतं, का, तर ती माझी भाची. म्हणजे परक्याची पोर असती तर गोळी आडवी लागली असं मानलं असतं. मामा मध्ये आला की गोळीसुद्धा सरळ होते.

"अंगण वाकडंच आहे, सर," मी म्हणालो. "चला. तुम्हीच नाचून दाखवा."

सर एके काळी चांगले नेमबाज होते आणि त्याची त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही. त्यांना राग आला, त्यामुळे ते लगेच उठले. शंभर मीटरवर नवा कागद लावला. ते चटईवर पालथे पडले, चार नंबर खांद्याला लावली आणि सत्त्याहत्तर ग्रेनच्या दहा गोळ्या अगदी सावकाश, एकेक श्वास मोजून मारल्या. मग मी कागद काढून आणला. भोकं तीन. दोन आडवी.

"आता ह्या घ्या," म्हणून मी पंचावन्न ग्रेनच्या पाच दिल्या. तीच रायफल, तेच सर. पाचही भोकं गोल, आणि चहाच्या कपाच्या बुडाखाली झाकली जातील इतकी जवळ.

"सर, पहिल्या दहाला तुम्ही घाबरला होतात का?"

ते दोन्ही कागद हातात धरून उभे होते. माणूस वाईट नाही. चेहरा उतरला त्यांचा.

"नाही," ते म्हणाले.

"मग ती घाबरली हे कशावरून लिहिलंत?"

मला तिथे थांबता आलं असतं. बायको म्हणते, तुम्हाला कुठे थांबावं ते कळत नाही, आणि याबाबतीत तिचं बरोबर आहे. आजूबाजूला पाच-सहा लोक सराव सोडून बघायला लागले होते. मला जोर चढला.

"आता मला एवढंच सांगा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही बाराची नळी कोणत्या गाढवाने मागवली?"

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, आपण आत जाऊन बोलू."

"आत कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, ती सगळ्यांसमोर. आता चोराचं नावही सगळ्यांसमोर घ्या."

ते आत गेले आणि फाईल घेऊन आले. पान काढलं आणि एखादा ठराव वाचावा तसं वाचलं: "नळीच्या मागणीबाबत मिस्त्रींना घरी दूरध्वनी केला. जड गोळीसाठी पीळ कमी घ्यावा की जास्त, असे विचारले. जास्त, असे ते म्हणाले. उपलब्ध पर्याय आठ, नऊ व बारा. पैकी बारा सर्वांत जास्त. सबब बारा मागवावे." खाली तारीख, वेळ आणि सही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर तरी ओरडता आलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी गज उचलला आणि घरी आलो.

"आला होता की फोन," बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती, मान वर न करता बोलत होती. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही पट्टी बांधून पडला होतात. सचिवांनी काहीतरी विचारलं, तुम्ही म्हणालात, 'जास्त! एवढंही कळत नाही?' आणि फोन माझ्या हातात कोंबलात."

"जास्त म्हणजे जास्तच ना! चूक काय बोललो? जड गोळीला जास्तच पीळ लागतो!"

"अहो, मला काय पटवता? मला दोन्ही गोळ्या सारख्याच."

"आकडे वाचून त्याला कळायला नको?"

"त्यांना कळत नव्हतं म्हणूनच विचारलं ना? तुम्हाला वाटतं तुमच्या डोक्यातलं सगळ्यांना बाहेरून दिसतं. एक आकडा सांगायला काय झालं होतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आठ. एक शब्द तोंडातून गेला असता तर हा महिना वाचला असता. मला स्वतःची इतकी चीड आली की मी उगाच नळाची चकती बदलायला काढली. ती चांगलीच होती.

मुंगी कॉलेजातून आली तेव्हा मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. गजाची खूण, सरांच्या दहा गोळ्या, फाईल, माझा फोन. काही लपवलं नाही. ती दप्तर मांडीवर घेऊन ऐकत होती.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" तिने विचारलं.

"तुझा काडीचा संबंध नव्हता."

"पण मामा, मी डोळे मिटते."

"कोण म्हणतं?"

"सर म्हणतात. आणि मलाही कळतं. चाप ओढायच्या आधीच..."

"सरांना आज मी चांगलं दाखवलंय," मी म्हणालो आणि त्या दहा गोळ्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिने दप्तर उचलून खुंटीला लावलं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं, पण मी बोलण्याच्या भरात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदवही मागितली. शेरा काढायला हवा होता. सचिवांनी रात्रीतून एक वाक्य तयार करून आणलं होतं: पुरवठादाराने चुकीची नळी पाठवली.

"म्हणजे कोणालाच कमीपणा नाही," ते म्हणाले. "तुमचंही नाव येत नाही, मिस्त्री."

"पुरवठादाराने तुम्ही मागितली तीच पाठवली. त्या बिचाऱ्याने काय केलंय? एका संन्याशाला उतरवायचं आणि दुसऱ्याला चढवायचं?" मला खरोखर कमाल वाटली. माणसं वाईट असतात म्हणून खोटं बोलत नाहीत, खोटं वाक्य छान जुळतं म्हणून बोलतात. मी पेन घेतलं आणि मुंगीच्या पानावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: "रायफल चारला बाराच्या पिळाची नळी आली. मी फोनवर आकडा न सांगता नुसतं जास्त म्हणालो. सचिवांनी न समजता मागवली. सरांनी भोकं न बघता शेरा लिहिला. मुलीची चूक नाही."

सचिव वाचून कासावीस झाले. "अहो, आमची नावं कशाला घातलीत?"

"चोर तीन आहेत, साहेब. एकटा मी कसा मावणार?"

सरांनी मात्र वही ओढून घेतली, आपला लाल शेरा एका रेघेने खोडला आणि खाली सही केली. मग म्हणाले, "यादी सोमवारी जाते. रविवारी सकाळी दोघींची पुन्हा चाचणी घेऊ." त्या क्षणी मला ते आवडले.

नवी नळी मागवून यायला वेळ नव्हता. माझ्या स्वतःच्या जुन्या रायफलीला आठाची नळी होती, फारशी न वापरलेली. ती उतरवली, लेथवर तिचं बूड जमवलं, चार नंबरला बसवली, काडतूस नीट बसतं की नाही ते गेजने दोनदा तपासलं. मध्येच सचिव दारात येऊन उभे राहिले. काही मदत लागेल का, म्हणाले. "तुम्ही फक्त फोन करू नका," मी म्हणालो. मग मलाच हसू आलं, आणि त्यांनाही. शनिवारी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून सत्त्याहत्तर ग्रेनच्या पाच मारल्या. पाच गोळ्यांचं मिळून कोटाच्या बटणाएवढं एकच भोक. काठ गोल, स्वच्छ. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी घरी जेवताना दोनदा काढून दाखवला.

रविवारी वारा नव्हता. आधी दंतवैद्य बाई. शांत बाई आहेत, रोज लोकांच्या तोंडात सुया खुपसून हात स्थिर झालेला. शंभरातले एक्याण्णव गुण. मुंगीचे ऑपरेशनआधी चौऱ्याण्णव, पंच्याण्णव सहज यायचे. मी मनातल्या मनात यादी लिहूनही टाकली होती.

ती चटईवर पालथी पडली. मी शेजारी बसून एकेक काडतूस भरून देत होतो. पहिली गोळी नऊच्या कड्यात. दुसरी खाली. तिसरी आणखी खाली. मी दुर्बिणीतून बघत होतो. भोकं गोल होती. प्रत्येक भोक गोल, एकही आडवं नाही, आणि प्रत्येक खालच्या बाजूला. सहाव्या गोळीला मी दुर्बीण ठेवून दिली. दहा संपल्या. त्र्याऐंशी.

"दृष्टी बघून घेऊ का रायफलीची?" सचिव हळूच म्हणाले. बिचाऱ्याला नेम धरायची साइट म्हणायचं होतं, कुठूनतरी शब्द उचलला होता.

"रायफल ठीक आहे," मी म्हणालो. खिशात बटणाएवढ्या भोकाचा कागद होता.

सर माझ्याशेजारी उकिडवे बसले. "मिस्त्री, एक रिकामं घालू या?"

रिकामं म्हणजे दारू नसलेलं काडतूस. खऱ्यांमध्ये एक मिसळायचं आणि नेमबाजाला सांगायचं नाही. चाप ओढला की नुसतं टक् होतं. धक्का नाही, आवाज नाही. तेव्हा जर नळी हलली, तर हलवणारा माणूसच असतो.

"काही गरज नाही," मी ओरडलो. "झाली तेवढी परीक्षा पुरे!"

"घाल, मामा," मुंगी म्हणाली. तिने गालही दस्त्यावरून उचलला नव्हता.

मी पाठ फिरवून काडतुसं हातात घेतली. एक खरं दिलं. धडाका. दुसरं खरं दिलं. धडाका. तिसरं रिकामं.

टक् झालं आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलं. डोळे गच्च मिटलेले होते. आम्ही चौघांनी पाहिलं, दंतवैद्य बाईंनीसुद्धा. त्या लगेच दुसरीकडे बघू लागल्या.

"सर बरोबरच होते, मामा," मुंगी म्हणाली. रडत नव्हती. पावती वाचून दाखवावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली, आणि त्यानेच माझ्या काळजाला घरं पडली.

सरांनी वही उघडली. त्यांचाही इलाज नव्हता, जागा बाईंची झाली होती, तसं लिहायला हवं होतं आणि का ते लिहायला हवं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणालो. "आधी तारीख घाला."

"घालतोच आहे."

"आजची घाला! पहिल्या दिवशी तिने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

सरांनी वहीवरून मान वर केली. "नेम बरोबर होता म्हणाली. गोळी कुठे जाते कळत नाही म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"कारणं सांगू नकोस म्हणालो."

"त्या दिवशी डोळे मिटत होते तिचे?"

"नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यापासून. साधारण."

"मग तेच लिहा! ती घाबरट नव्हती. रोज बरोबर नेम धरायची, रोज गोळी भलतीकडे जायची, आणि रोज तुम्ही तिला सांगायचात की तू घाबरतेस. तीन आठवडे! कोणीही शिकेल. गाढवसुद्धा शिकेल. आणि मी घरी पडून रोज विचारत होतो, कसं चाललंय, आणि ती बरं म्हणाली की कूस बदलत होतो. सोमवारी ती मला तोंडावर सांगत होती, मी डोळे मिटते, तर मी तिला माझ्याच पराक्रमाची गोष्ट सांगत बसलो. हे पण लिहा. नळी मी तीन तासांत बदलली, सर. हे कोण बदलणार आणि किती तासांत?"

माझा आवाज फाटला होता. सचिवांनी खाली बघितलं. सरांनी वहीत तारीख घातली, आजची, आणि तिच्यापुढे काय लिहावं ते न सुचून पेन तसंच धरून बसले. ते काय लिहितात ते बघायला मी वाकलो होतो, तेवढ्यात माझ्या पॅंटचा काठ कोणीतरी ओढला.

"मामा," मुंगी चटईवरूनच म्हणाली, "तुमचं भांडण झालं की अजून एक रिकामं घाल. कितव्याला घातलंस ते सांगू नकोस."

मी खाली बसलो. काडतुसं पाठीमागे नेली. एक खरं दिलं, मग आणखी एक खरं, मग रिकामं. टक् झालं. नळी पुन्हा झुकली, पहिल्याइतकीच.

"अजून," ती म्हणाली.